चुकीच्या उत्तराला दोन गुण

आमच्या तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये एक मास्तर आहेत. तोंडावर सगळे त्यांना मास्तर म्हणतात, पाठीमागे कानस. घडवलेला जॉब घेऊन त्यांच्यापुढे उभं राहिलं की ते आधी तो अंगठ्यानं चाचपतात, मग डोळा बारीक करून कडेनं बघतात आणि म्हणतात, “बरा आहे. जरा कानस मार.” जॉब कितीही चांगला असला तरी उत्तर हेच. एकदा एका मुलीनं वैतागून कपाटातला नमुन्याचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. तो मास्तरांनी स्वतःच कधीतरी घडवलेला होता. मास्तरांनी चाचपला, डोळा बारीक केला आणि म्हणाले, “बरा आहे. जरा कानस मार.” अख्खं वर्कशॉप हसलं. कळल्यावर सगळ्यात जास्त मास्तर हसले.

माणूस तसा साधा. उंची बेताची, उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली. अंगात निळा कोट. त्याच्या खिशात पट्टी, पेन्सिल आणि एक काळी गोल वस्तू असायची. ती कशाचा भाग आहे हे आम्हाला बराच काळ कळलं नव्हतं. मास्तर मधूनच खिशावर हात ठेवून ती आहे ना, याची खात्री करून घ्यायचे. भोंगा म्हणायचा, “मास्तरांनी हृदय बाहेर बसवून घेतलंय. बिघडलं की खोलायला सोपं.”

भोंगा म्हणजे आमच्या वर्गातला निवेदक. माइक नसला तरी त्याचा आवाज गेटपर्यंत जातो. दुसरी मोठी. तिनं मध्येच शिक्षण सोडून नोकरी केली आणि मग परत येऊन आमच्या वर्गात बसली, म्हणून ती मोठी. शिवाय ती आमच्यावर मोठ्या बहिणीसारखीच डाफरायची. तिसरा मी. कॅमेरे, वायरी आणि घंटा माझ्याकडे. कॉलेजची इंटरनेटवर एक छोटी वाहिनी आहे आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांनी तिच्यासाठी एक कार्यक्रम करायचा, अशी पद्धत आहे. त्या वर्षी ते काम आमच्या तिघांच्या गळ्यात पडलं.

आमच्या बैठका वर्कशॉपच्या मागच्या भागात व्हायच्या, पत्रा कापायच्या यंत्राजवळ. तिथं कुणी हाकलायचं नाही.

“नवं काही सुचत नसेल तर जुनं उचलू या,” मोठी म्हणाली. “तो टीव्हीवरचा जोड्यांचा खेळ आठवतो? एकाच्या कानाला हेडफोन लावायचा. दुसऱ्याला विचारायचं, तुला काय आवडतं, कशाची भीती वाटते. तो पाटीवर लिहितो. मग पहिल्याचा हेडफोन काढायचा आणि तोच प्रश्न विचारायचा. उत्तर जुळलं की गुण.”

“माझी आई बघायची,” मी म्हणालो. “बाबांना घेऊन बसायची आणि घरीच खेळायची. बाबा कायम नापास.”

“तेच तर!” भोंगा ओरडला. “लोकांना नापास झालेले बाबा बघायचेत. जुळलेली उत्तरं कोण बघतं?”

आम्ही तिथंच होस्टेलच्या दोन मुलांना बसवून चाचणी घेतली. दोघं एका खोलीत राहणारे. कोण घोरतो, कोण दुसऱ्याचा साबण वापरतो, सगळं एकमेकांना पाठ. उत्तरांमागून उत्तरं जुळत गेली. भोंग्यानं जांभई दिली, मग मोठीनं, मग खेळणाऱ्या दोघांनीही.

“हा विनोदी कार्यक्रम आहे की सातबारा वाचतोय आपण?” मोठी म्हणाली.

“उलटं करू,” भोंगा म्हणाला. “चुकला की दोन गुण आणि टाळ्या. बरोबर आलं की भोपळा. जी जोडी एकमेकांना सगळ्यात कमी ओळखते ती विजेती.”

आम्ही एकदम खूष झालो. मोठीनं तर त्याच्या पाठीत गुद्दा घातला, आणि तिच्या हिशेबात ती शाबासकी असते. शेजारी मास्तर आमच्या पाट्यांसाठी पत्रा कापत होते. त्यांचा पाय यंत्राच्या पायटीवर तसाच थांबला.

“म्हणजे चुकलं की टाळ्या?” त्यांनी विचारलं.

“हो मास्तर. जितकं जास्त चुकेल तितकं चांगलं.”

“आणि लोक हसणार?”

“पोट धरधरून.”

“रागावायचं नाही कुणी? वाईट वाटून घ्यायचं नाही?”

“वाईट कशाला वाटेल? आपण चुकायलाच तर बोलावतोय.”

मास्तरांनी पायटी दाबली. पत्रा तिरका कापला गेला. आम्ही एकमेकांकडे बघितलं, कारण हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तो तुकडा बाजूला टाकला आणि यंत्राकडे बघतच म्हणाले, “एक जोडी आमची घ्या. मी आणि बाई.”

बाई म्हणजे त्यांची बायको. त्या आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवत होत्या आणि या भागातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. सगळे त्यांना बाई म्हणायचे, म्हणून मास्तरही चारचौघांत बाईच म्हणायचे.

“मास्तर, तुमच्या संसाराला इतकी वर्षं झाली,” भोंगा म्हणाला. “तुमचं सगळं बरोबर येणार. भोपळा घेऊन घरी जाल.”

“नाही,” मास्तर म्हणाले. “आम्ही जिंकू.”

ते हे हसत म्हणाले असते तर आम्हीही हसलो असतो.

मोठीचा नियम होता की प्रत्येक जोडीच्या घरी जाऊन गप्पा मारायच्या आणि त्यातून प्रश्न काढायचे. म्हणून एका शनिवारी दुपारी आम्ही मास्तरांकडे गेलो. तळमजल्यावर दोन खोल्या, समोर कपडे वाळत घालायचा छोटासा चौक. आत गेल्यावर आधी लक्षात आलं ते हे की घरात एकही टोकदार कोपरा नव्हता. टेबल, कपाट, पलंगाचा पाय, सगळ्याची टोकं मास्तरांनी घासून गोल केली होती. बाथरूमच्या दाराला आतून कडी नव्हती. कडी काढलेल्या जागेची भोकंसुद्धा लाकूड भरून नीट बुजवलेली.

मास्तर चहा करायला उठले. त्यांनी कोटाच्या खिशातून ती काळी गोल वस्तू काढली, शेगडीच्या बटणाच्या जागी बसवली, फिरवली आणि गॅस पेटवला. चहा झाल्यावर ती पुन्हा काढून खिशात टाकली. भोंग्याच्या तोंडावर त्याचा जुना विनोद आलेला मला दिसला. त्यानं तो गिळला.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. राखाडी स्वेटर, केस नीट विंचरलेले. त्यांनी मोठीला जवळ बोलावलं.

“कितवीत आहेस?”

“शेवटच्या वर्षाला आहे, बाई.”

“छान. पाढे येतात?”

“बाराच्या पुढे अडखळते.”

“मग शेवटच्या वर्षाला कशी काय गेलीस?” बाई म्हणाल्या आणि आम्ही सगळे मनापासून हसलो. बाईही हसल्या. मास्तर चहाचे कप हातात धरून दारात उभेच राहिले. बाईंचं हसू संपेपर्यंत ते आत आले नाहीत.

नंतर त्यांनी आम्हाला बाहेर चौकात नेलं. वाळत घातलेल्या चादरीमागं उभं राहून हळू आवाजात बोलले.

“डॉक्टरांनी आजाराला नाव दिलंय. लांबलचक आहे. काय करायचंय त्याचं? तिला विसरायला होतं, एवढंच. आणि आपण काय विसरलो हे तिला कळत नाही, ते एक बरं आहे. पण समोरच्याचं तोंड पडलं की ते तिला कळतं. परवा दुकानदाराला विचारलं, वडील कसे आहेत. वडील जाऊन वर्ष झालंय. तो बिचारा काही बोलला नाही, पण त्याचं तोंड पडलं. ते बघून ही घरी आली आणि दिवसभर गप्प. आता बाहेरच पडत नाही. बोलायला भिते. शाळेत दिवसभर बोलणारी बाई आहे रे ती.”

मोठी काही बोलणार होती. मास्तरांनी हात वर केला.

“महिनाअखेरीला तिची धाकटी बहीण येणार आहे न्यायला. माझी नोकरी. दिवसभर शेजारणीनं तरी किती बघायचं? तिकडे घरात माणसं आहेत. सुट्टीत मी जाईन. पण जायच्या आधी एकदा, एकदाच, तिनं चार लोकांत तोंड उघडावं आणि कुणाचं तोंड पडू नये. लोकांनी आनंदानं टाळ्या वाजवाव्यात. मी खूप विचार केला. जगात तुमचा हा एकच खेळ असा आहे, ज्यात ती चुकू शकत नाही.”

“पण मास्तर,” मोठी म्हणाली, “लोक आजाराला हसल्यासारखं होईल हो.”

“कसं होईल? सगळ्याच जोड्या चुकणार ना? चुकणाऱ्यांच्या रांगेत ही वेगळी कशी दिसेल?”

खरं सांगायचं तर आम्हाला ते उत्तर पटलं. आमचा फालतू खेळ कुणाच्या तरी इतका कामाला येईल असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

पुढचे दिवस आम्ही जीव ओतून काम केलं. मास्तरांनी पाट्या करून दिल्या, काळा रंग दिला, कडा इतक्या घासल्या की गालावरून फिरवल्या तरी लागू नयेत. मी घंटेचा आवाज बदलला. पहिली घंटा कर्कश होती, बाई दचकल्या असत्या. मोठीनं प्रश्न सोपे, हलके ठेवले आणि शेवटचा प्रश्न गोड. ठरलं असं की आधी रंगीत तालीम करायची. पहिल्या वर्षाची मुलं प्रेक्षक म्हणून बसवायची. त्यांना काही सांगायचं नाही. आधी इतर जोड्या चुकतील, मग शेवटी मास्तर आणि बाई.

तालमीच्या दिवशी दुपारी रेकॉर्डिंगची खोली भरून गेली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून आम्ही वर्गातले बाक आणून ओळीनं लावले होते. पहिल्या जोड्यांनी धमाल उडवली. एका मुलाला स्वतःच्या सख्ख्या भावाचं वय सांगता आलं नाही. दोन मैत्रिणी चुकायचं म्हणून इतक्या चुकल्या की शेवटी खऱ्याच भांडल्या. मुलं बाकांवर हात आपटून हसत होती.

मग बाई आल्या. दारातून त्यांनी बाकांच्या ओळी पाहिल्या, बसलेली मुलं पाहिली, आणि त्यांची पाठ एकदम ताठ झाली. चेहरा उजळला. मास्तरांचा हात सोडून त्या एकट्या पुढे चालत गेल्या आणि खुर्चीवर बसल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हणाल्या, “नीट बस. पोक काढू नकोस.” ती नीट बसली. कॅमेऱ्यामागून मोठीनं माझा दंड दाबला. आम्हाला वाटलं, जमलं.

हेडफोन लावणं, काढणं, सगळं बाईंनी शांतपणे करू दिलं.

“पहिला प्रश्न,” भोंगा म्हणाला. त्यानं आवाज मुद्दाम मऊ ठेवला होता. “मास्तर चहात साखर किती घेतात?”

“तीन चमचे,” बाई ताबडतोब म्हणाल्या. “गोडखाऊ आहेत.”

मास्तरांनी पाटी प्रेक्षकांकडे फिरवली. ‘बिनसाखरेचा.’ मी घंटा वाजवली. खोलीभर हशा आणि टाळ्या. बाई गोंधळून इकडेतिकडे बघू लागल्या. मग सगळे आनंदात आहेत हे बघून त्याही हसल्या.

“मास्तर कशाला घाबरतात?”

“ते? कशालाही नाही.”

पाटीवर होतं, ‘पाण्याला. गुडघ्याच्या वर पाणी आलं की ओरडतो.’ पोरं अक्षरशः लोळली. “मास्तर, बादलीला पण घाबरता का?” मागून कुणीतरी ओरडलं. “बादली भरलेली असेल तर!” मास्तरांनी उत्तर दिलं. पुन्हा हशा. बाई आता खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. गाल लाल झाले होते. मास्तरांचा तो चेहरा मी कॅमेऱ्यातून जवळून पाहिला. इतका खूष माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

“रविवारी सकाळी उठल्याबरोबर मास्तर काय करतात?”

“पोहायला जातात,” बाई म्हणाल्या. “नदीवर.”

हसण्याचा असा लोट आला की मास्तरांनाही भान राहिलं नाही. आतापर्यंत ते पाटी फक्त प्रेक्षकांना दाखवत होते. या वेळी उत्साहाच्या भरात त्यांनी ती प्रेक्षकांना दाखवली आणि तशीच फिरवून बाईंपुढेही धरली. बघ, बघ, जिंकतोय आपण, अशा थाटात.

बाईंनी वाचलं. त्यांना वाचता येत होतं. ते त्या विसरल्या नव्हत्या.

“‘कूस बदलून पुन्हा झोपतो,’” त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग म्हणाल्या, “हे तर वेगळं आहे.”

“हो ना बाई,” भोंगा म्हणाला. “म्हणून तर दोन गुण!”

“वेगळं आहे म्हणून गुण?”

“हो. चुकीच्या उत्तराला दोन गुण.”

“म्हणजे मी चुकले,” बाई म्हणाल्या. त्या आमच्यापैकी कुणाशीच बोलत नव्हत्या. “आणि ही मुलं हसतायत.”

त्या उठून उभ्या राहिल्या. लहानखुरी बाई, पण खोली भरून टाकली त्यांनी. आवाज जराही चढला नव्हता.

“चुकणाऱ्याला हसायचं नाही. माझ्या वर्गात हे चालत नाही. कोण कोण हसलं? उभे राहा.”

आणि पहिल्या वर्षाची ती दांडगी पोरं उभी राहिली. एक, मग दुसरा, मग अख्खी ओळ. काहींना वाटलं हाही खेळाचाच भाग आहे. पण बाईंचा चेहरा बघून तेही गप्प झाले. चुकीचं उत्तर चालेल असा आमचा नियम होता, आणि तो ज्यांच्या उपयोगी पडेल असं वाटलं होतं त्यांनी जन्मभर एकाही पोराचं चुकीचं उत्तर तसंच सोडून दिलं नव्हतं. हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मास्तरांच्याही नाही.

“पुन्हा विचार,” बाई भोंग्याला म्हणाल्या. “मी नीट सांगते.”

“राहू दे ना बाई, आपण पुढचा…”

“पुन्हा विचार.”

“रविवारी सकाळी,” भोंगा म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचला नाही, “उठल्याबरोबर मास्तर काय करतात?”

बाई विचार करू लागल्या. बोटं स्वेटरच्या बटणावर फिरत होती. आत्ताच वाचलेलं उत्तर त्यांच्या हातून निसटलं होतं आणि त्या ते शोधत होत्या. आम्हाला ते दिसत होतं, आणि काही करता येत नव्हतं. “रविवारी,” त्या म्हणाल्या. “रविवारी शाळेत जातात. हो. शाळेत.”

कुणी हसलं नाही. समोर उभ्या असलेल्या सगळ्या मुलांची तोंडं पडली होती. बाईंनी ती एकेक करून पाहिली. मग त्यांनी खाली बघितलं.

“थांबा, थांबा बाई!” मास्तर म्हणाले. “माझंच चुकलं. मी भलतंच लिहिलं होतं.”

त्यांनी कोटाच्या बाहीनं पाटी पुसली, घाईनं लिहिलं आणि बाईंपुढे धरली. ‘रविवारी शाळेत जातो.’

बाईंनी वाचलं. दोनदा वाचलं. “बरोबर,” त्या म्हणाल्या. “मग आधी नीट का नाही लिहिलंत?”

“घाई झाली.”

“घाई करायची नाही. बसा सगळे. पुढचा प्रश्न.”

भोंग्यानं आमच्याकडे बघितलं. मोठी मान हलवून नको म्हणत होती. मास्तर मात्र भोंग्याकडे बघून विचार, विचार, असं खुणावत होते. त्यानं विचारलं.

तिथून खेळ बदलला. आता बाई आधी बोलायच्या आणि मास्तर नंतर लिहायचे. त्यांचा आवडता रंग? पिवळा. मास्तरांनी लिहिलं, पिवळा. मास्तर लहानपणी कुठं राहायचे? समुद्राकाठी. पाण्याला घाबरणाऱ्या माणसानं लिहिलं, समुद्राकाठी. त्यांना काय येतं? “बासरी फार छान वाजवतात.” मास्तरांनी बासरी लिहिलं. प्रत्येक वेळी बाई वाचायच्या, “बरोबर” म्हणायच्या, आणि त्यांची मान थोडी वर यायची. पाटीवर एक वेगळाच माणूस तयार होत होता. पिवळा रंग आवडणारा, समुद्राकाठी वाढलेला, बासरी वाजवणारा. तो बाईंच्या खरंच कधी ओळखीचा होता की नव्हता, हे मास्तरांनाही माहीत नसावं. ते त्याला अक्षर अक्षर जागा करून देत होते आणि स्वतः पुसले जात होते. खोलीत फक्त खडूचा आवाज होता.

भोंग्याच्या हातात शेवटचं कार्ड उरलं. तो तेव्हा गांगरलेला होता. नाहीतर त्यानं ते वाचलं नसतं.

“नवऱ्याची कोणती गोष्ट तुम्हाला सगळ्यात जास्त आवडते?”

बाई विचारात पडल्या. तेवढ्यात मास्तरांनी खाली मान घालून पाटीवर काहीतरी लिहून टाकलं. इतका वेळ थांबून लिहिणारे मास्तर या एका प्रश्नाला थांबायचं विसरले.

“नवऱ्याची?” बाई म्हणाल्या आणि चक्क लाजल्या. तोंडावर हात धरून हसल्या. “अहो, माझं लग्न कुठं झालंय अजून! घरी विषय चाललाय. पण मी सांगून टाकलंय, आधी नोकरी.”

मास्तरांनी हातातल्या पाटीकडे बघितलं. आधी काय लिहिलं होतं ते माझ्या कॅमेऱ्याला दिसलं नाही. त्यांनी ते बाहीनं पुसलं, मग राहिलेलं तळहातानं पुसलं. नवीन लिहायला त्यांना वेळ लागला. बाई वाट बघत होत्या आणि थेट त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत होत्या. मास्तरांना ते माहीत होतं. लिहिताना त्यांनी तोंडावरचं हसू हलू दिलं नाही. मग पाटी फिरवली.

‘हिचं अजून लग्न झालेलं नाही.’

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “अक्षर मात्र सुधारा.”

“हो बाई.”

मग त्या बाकांकडे वळल्या. “आता वाजवा टाळ्या. बरोबर उत्तर आलं की वाजवायच्या असतात.”

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय चाललंय हे ज्यांना कळलं होतं त्यांनी आणि ज्यांना नव्हतं त्यांनीही. भोंग्यानं वाजवल्या. मोठी रडत होती, तिनंही वाजवल्या. बाई सगळ्यांकडे बघून हसत होत्या. मास्तर पाटी छातीशी धरून उभे होते आणि मान लववून टाळ्या घेत होते.

पोरं गेल्यावर भोंगा त्यांच्याजवळ गेला. “मास्तर, हे सगळं पुसून टाकतो. कुठं दाखवणार नाही.”

मास्तर कोटावरची खडूची पूड झटकत होते. “शेवटी कुणाचं तोंड पडलेलं नव्हतं ना? तिला तसं काही दिसलं नसेल ना?”

“नाही मास्तर,” भोंगा म्हणाला. “सगळे हसत होते.”

“मग झालं.” ते पाट्यांची चळत नीट करू लागले. एक पाटी उचलून त्यांनी कड अंगठ्यानं चाचपली, पण काही म्हणाले नाहीत.

कार्यक्रम आम्ही नंतर केला. मूळ नियमानंच केला. उत्तर जुळलं की गुण. तो कुणाला फारसा आवडला नाही. तोपर्यंत बाईंची बहीण येऊन त्यांना घेऊन गेली होती. मास्तर अजूनही वर्कशॉपमध्ये असतात आणि सुट्टी लागली की पहिल्या बसनं जातात.

पण त्या दिवशी, तालमीनंतर, मी वायरी गुंडाळत दाराशी बसलो होतो. बाई आणि मास्तर बाहेर पडले. बाई व्हरांड्यात थांबल्या आणि आदबीनं म्हणाल्या, “तुम्ही कोणत्या बाजूला जाणार?”

“तुमच्याच,” मास्तर म्हणाले.

“मग सोबत होईल. मला या भागातलं फारसं माहीत नाही.”

मास्तरांनी सवयीनं त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि अंगाशी घट्ट धरली. “असू दे,” त्या म्हणाल्या. “जड नाही.” अनोळखी माणसाला वाईट वाटू नये म्हणून बोलावं, तशा.

मास्तरांनी हात मागे घेतला. मग एक पाऊल मागे राहून ते त्यांच्याबरोबर चालू लागले.